धावदोरा

उसन्या खेळाडूचं नाव मी धावदोऱ्यानंच शिवायची.
पाच महिन्यांनी उसवावं लागतं,
कापड फाटता कामा नये.
क्लबकडे जर्सीचे दोनच जोड; माणसं हवी तेवढी.

रेमुस शोइमारु आला तो फेब्रुवारीत,
लुपेनीच्या खाणीजवळ बर्फसुद्धा काळा पडतो त्या दिवसांत.
वय एकवीस, बॅग एक, डाव्या बुटात पुठ्ठा.
म्हणाला, तांती आग्लाया,
माझ्या आडनावाच्या पहिल्या अक्षराखाली शेपटी असते,
एवढीशी, स्वल्पविरामासारखी.
ती गळली की 'श'चा 'स' होतो
आणि मी दुसराच कुणीतरी.

फार मोठा खेळाडू नव्हता. खोटं कशाला बोलू?
चेंडू त्याच्याकडे यायचा वाट चुकल्यासारखा,
आणि तो गुडघ्यानं, बरगडीनं, एकदा तर चक्क पाठीनं
त्याला जाळ्यात ढकलायचा,
शेजाऱ्याची कोंबडी अंगणातून हाकलावी तसा.
पायऱ्यांवरचे खाणकामगार सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणायचे,
हा काय गोल झाला?
आणि टरफलं थुंकून टाळ्या वाजवायचे.
सात गोल. त्या वर्षी आम्ही खाली घसरलो नाही.

ऑगस्टमध्ये तो आमचाच झाला.
मी धावदोरा ओढून काढला, पक्की टीप मारली.
जानेवारीत गलात्सच्या क्लबनं त्याला नेलं.
पैसे त्यांच्याकडेही नव्हते;
बदल्यात एका ट्रकवरून आला
गोदीतला जुना बॉयलर.
ती टीप उसवायला मला अख्खी संध्याकाळ लागली.
भोकं राहिलीच.

त्या हिवाळ्यात पहिल्यांदा न्हाणीघरात गरम पाणी आलं.
पोरं वाफेत ओरडायची, एकमेकांवर साबण फेकायची.
मी टॉवेल घेऊन बाहेर उभी असायचे,
भिंतीतल्या नळ्या गुरगुरायच्या
आणि मला वाटायचं, हा आपला रेमुस.

मग त्याच्या पायाला भिंगरीच लागली.
ब्राइला, अराद, हंगेरीतलं एक गाव, पुन्हा अराद.
सायप्रसहून त्यानं फोटो पाठवला:
ऊन, खजुराचं झाड, पाठमोरा तो,
आणि अक्षराखाली शेपटी नाही.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
कझाकस्तानातल्या जर्सीवर रशियन अक्षरं होती;
तिथं तर त्याचं नाव कुठून सुरू होतं
तेच मला कळेना.
मध्ये एक लग्न झालं, आणि मोडलं,
हे मला ड्रायव्हर गेओर्गिताकडून कळलं.

सदतिसाव्या वर्षी परत आला.
तोवर खाण बंद, क्लब चौथ्या विभागात,
आणि अक्षरं इस्त्रीनं चिकटवायची;
दोन धुण्यांत सोलून निघतात.
आधी सरळ न्हाणीघरात गेला.
नळ सोडला. बॉयलर खोकला,
तांबडं पाणी आलं, मग कोमट, मग चटका देणारं.
हात धरून उभा राहिला बराच वेळ.
अजून चालतोय? म्हणाला.
मग मी तुम्हाला फसवलं नाही.

मी त्याची जर्सी घरी घेऊन आले.
सुईत दोरा मला आता दिसत नाही;
स्वयंपाकघरात बसून त्यानंच ओवून दिला,
जीभ दाताखाली धरून, तिसऱ्या खेपेला.
कुठला टाका घालू? मी विचारलं.
धावदोराच घाला, मे महिन्यापर्यंतचं तर काम.
बरं, म्हटलं. तसंच केलं.
शेपटी मात्र चार वेळा टाचली,
वर गाठ मारली.

रविवारी चिखल होता.
कोपऱ्यातून आलेला चेंडू त्याच्या बरगडीला लागून आत गेला.
लाइन्समनचं निशाण केव्हाचं वर होतं.
त्यानं ते पाहिलं नाही,
किंवा पाहिलं, तरी दोन्ही हात वर करून
आमच्याकडे धावत आला.
पायऱ्यांवर आम्ही सव्वीस जण.
कुणीतरी टरफल थुंकलं.